ट्रॉयच्या गौरी आणि काकांचं सायक्लामेन

अमेरिकेहून आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो विचारतो, "नायगारा पाहिलास?" नाही पाहिला. सोळा दिवसांत मी मिशिगनमधल्या ट्रॉय नावाच्या गावात एक घर, त्या घराचं परस, एक तळं आणि एक इंडियन स्टोअर पाहिलं. त्या परसाबद्दलच सांगण्यासारखं इतकं आहे की धबधब्याला जागा उरत नाही.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. यादीशिवाय मी भाजीलाही जात नाही, आणि यादीतली बाब पूर्ण झाल्याची खूण केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. ही माझी ख्याती ट्रॉयपर्यंत पोचलेली होती. डॉक्टरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भूलतज्ज्ञ म्हणून चाळीस वर्षं तिथे नोकरी केली, आता निवृत्त. त्यांनी घर विकून मुलाजवळ जर्सी सिटीला राहायला जायचं ठरवलं, तेव्हा मालतीकाकूचा फोन आला.

"वसू, तू ये बाई. चाळीस वर्षांचं सामान आहे आणि तुझे काका प्रत्येक वस्तूचा इतिहास सांगत बसतात. आठवडाभरात फक्त एक छत्री पॅक झालीये. शिवाय या घरातल्या शेवटच्या गौरी. माहेरवाशीण नको का?"

रजा टाकली, यादी केली, निघाले. यादीत शहाऐंशी बाबी होत्या. एकसष्टावी बाब होती: "परस — काका बघतील." पुढे जे झालं ते या एका ओळीमुळे झालं. जे काम आपण बघत नाही ते यादीत घालू नये, एवढं मी या प्रवासातून शिकले.

सोमवार

विमानाचं काही सांगत नाही. सगळ्यांची विमानं सारखीच असतात.

घरी पोचून चहा घ्यायच्या आधीच काकांनी मला मागच्या परसात नेलं. परस म्हणजे आपल्याकडच्यासारखं विहीर, अळू आणि धुण्याचा दगड नव्हे. गालिच्यासारखं कापलेलं गवत, मधोमध मोठा मेपल, आणि मेपलखाली विटांनी आखलेला एक वाफा. मी कौतुकाने पुढे झाले.

"वसू, थांब! पाय कुठे ठेवतेस ते बघ!"

मी एका पायावर थांबले. वाफ्यात तळहाताएवढी पानं जमिनीलगत पसरलेली होती. हिरव्या पानावर कुणी चुन्याच्या बोटांनी नक्षी काढावी तशा रुपेरी रेघा.

"हे सायक्लामेन," काका म्हणाले. "दुकानात कुंडीतलं मिळतं ते नाही. ते एका थंडीत मरतं. हे बर्फाखाली जगतं. याचं नाव हेडेरिफोलियम. हेडेरा म्हणजे आयव्हीचा वेल. पानं आयव्हीसारखी, कोनेदार."

"मला तर विड्याच्या पानासारखी वाटतात," मी म्हटलं.

काकांनी एका पानावरची माती बोटाने पुसली. मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवरून काकू म्हणाली, "मी एकोणीस वर्षं तेच सांगतेय."

मग काकांनी मला बसवून शिकवलं. थंडी सोसणारी, आणि उन्हाळ्याच्या शेवटापासून पानगळीपर्यंत फुलणारी सायक्लामेन दोन असतात, निदान काकांच्या जगात दोनच. एक आयव्हीपानी. ते उन्हाळाभर झोपतं, सप्टेंबरात उघड्या मातीतून आधी नुसती फुलं येतात आणि मग पानं. दुसरं उन्हाळी. त्याला पानं जवळजवळ बारा महिने असतात, आणि फुलं जुलै-ऑगस्टमध्ये, पानांच्या सोबतीने. उन्हाळी इथे थंडीत आरामात टिकतं आणि बऱ्याच जणांकडे असतं. आयव्हीपानी मिशिगनमध्ये उघड्यावर टिकवणं कठीण.

"झोपलेलं असताना लोकांना वाटतं मेलं. उपटून फेकतात," काका म्हणाले. "अरे, मेलेलं नाही, भूल दिलीय! भूल उतरेपर्यंत पेशंटला हलवायचं नसतं."

"पण काका, तुमच्याला तर आत्ताच पानं आहेत. झोपलेलं कुठे आहे?"

"काही पेशंट लवकर शुद्धीवर येतात," काका म्हणाले आणि विषय बदलला.

विषय बदलून ते मुद्द्यावर आले. घर घेतलंय ते जवळच्या नोव्हाय गावातल्या एका नागपूरकर इंजिनियरने. मुलगा चांगला आहे, पण त्याला जुळी मुलं आहेत आणि मेपलखाली त्यांना उड्या मारायला ट्रॅम्पोलिन लावायचं आहे. ट्रॉयपासून तासाभरावर एक सार्वजनिक बाग आहे. त्यांना त्यांच्या वनझाडांच्या भागात असं आयव्हीपानी हवं होतं, ज्याने या भागातले हिवाळे उघड्यावर काढलेत. काकांनी फोटो पाठवले. बागेतल्या मार्था नावाच्या बाईंनी कळवलं की फोटोवरून हे उन्हाळी वाटतं, आणि ते आमच्याकडे भरपूर आहे. तरी शुक्रवारी प्रत्यक्ष येऊन बघते.

"आणि त्यांनी आयव्हीपानी म्हटलं तर?"

"तर सगळं उचलून नेतील. याचा जमिनीतला गड्डा माणसापेक्षा जास्त जगतो, वसू. आपण गेल्यावरही फुलत राहील."

"आणि नाही म्हटलं तर?"

काकांनी मेपलकडे पाहिलं. "ट्रॅम्पोलिन."

मंगळवार

सात खोकी भरली. "छत्र्या, इतिहासासह" असं एका खोक्यावर लिहिलं, काकांना आवडलं नाही.

संध्याकाळी मी दोन्ही सायक्लामेनचा तक्ता करून फ्रिजवर लावला. डावीकडे आयव्हीपानी, उजवीकडे उन्हाळी. फुलाच्या तोंडाशी बारीक कानांसारखे उंचवटे: डावीकडे आहेत, उजवीकडे नाहीत. वास: उजवीकडे हमखास. गड्ड्याची मुळं: आयव्हीपानीला वरून आणि बाजूंनी, बूड गुळगुळीत टक्कल; उन्हाळीला सगळीकडून. काकांनी कानांचं चित्रही काढून दिलं, इतकं मोठं करून की मला ते डूल घातलेल्या घुबडासारखं दिसलं. त्यांच्या वाफ्यातली फुलं यंदा ऑगस्टमध्येच आटोपली होती, त्यामुळे खरं फूल बघायची सोय नव्हती.

"काका, तुम्ही कधी कान मोजलेत?"

"कान बारीक असतात. चष्मा लागतो."

"मग चष्मा लावून?"

"चष्मा लावला की वाकता येत नाही."

या झाडाचा उगमही तेव्हाच कळला. काकांच्या हॉस्पिटलात एक ग्रीक सर्जन होते, त्यांनी आईच्या बागेतला आयव्हीपानीचा मोठा गड्डा दिला होता. त्याच आठवड्यात काकांनी मागवलेला उन्हाळीचा गड्डाही टपालाने आला. दोन कागदी पिशव्या, दोन्हींवर नावं, दोन्ही स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. आणि चार दिवसांनी बघतात तर एकच पिशवी, आत एकच गड्डा.

"चिपमंक!" काका म्हणाले. चिपमंक म्हणजे आपल्या खारीचा अमेरिकन भाऊ, अंगावर तसेच पट्टे. "दार उघडं होतं. घेऊन पळाला. नशीब की आयव्हीपानीचं नाव असलेली पिशवी राहिली." त्या दिवसापासून काका परसात पाण्याचा पाइप भरून ठेवतात आणि चिपमंक दिसला की त्याला भिजवतात. माझ्यादेखत दोनदा भिजवला.

बुधवार: इंडियन स्टोअर

गौरींच्या सामानाची यादी घेऊन आम्ही इंडियन स्टोअरमध्ये गेलो. नारळ, विड्याची पानं, घावनांसाठी तांदळाचं पीठ. आपण भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलतो, चार जुड्या उलट्यापालट्या करतो. इथे कुणी काही म्हणत नाही, जुडी उलटी केली तर तुम्हीच ती परत सुलटी ठेवायची. मला ही पद्धत पटली.

भाजीच्या मांडणीत सुरण होतं. काकांनी ते दोन्ही हातांनी उचललं.

"हे बघ वसू, असाच असतो गड्डा. चपटा, वर खळगा, खळग्यात कोंब. फक्त हा आकाराने मोठा."

"अहो, खाली ठेवा, खाज सुटेल," काकू म्हणाली. मग मला: "सुरण इथे बघून घ्यावं लागतं गं. एकदा असं निघालं! बारकं, काळं. एक काप काढला तर आत पांढरंफटक, घट्ट. चिंच घालूनही शिजलं नसतं ते. दिलं गराजमागे फेकून."

"मग भाजी कशाची केलीस?"

"तेच तर! दुसऱ्या दिवशी गाडीच्या डिकीत चांगलं सुरण सापडलं. म्हटलं, मी दोन आणली होती की काय!"

मी हसले आणि "तांदळाचं पीठ" या ओळीवर खूण केली. इतक्या वर्षांच्या ग्रंथपालनात माझ्या कानाशी आलेली इतकी महत्त्वाची नोंद मी कधी सोडली नव्हती.

गुरुवार: गौरी येतात

आमच्या खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे. आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि मागून कुणीतरी घंटा वाजवायची. चिपळुणात सगळी आळी हेच करत असते. ट्रॉयमध्ये हे करणारी मी एकटीच दिसणार, हे ओळखून मी तयारी केली. वाटेत कुणी बोललंच तर दाखवायला पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत मजकूर लिहून नेला.

तळं सुंदर होतं. काठाने चालायला डांबरी वाट, पाण्यात बदकं. मी खडे निवडले, तबकात ठेवले, पदर सावरला आणि गाडीकडे चालू लागले. मागे काका घंटा वाजवत. काकू घरी उंबऱ्यावर ओवाळायला थांबलेली.

समोरून एक बाई कुत्रा घेऊन आल्या. हसून "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी काकांकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "आर यू ओके, डिअर?"

मी कार्ड दाखवलं. त्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "मला घरी पोचेपर्यंत बोलण्याची परवानगी नाही. मागे वळून बघण्याचीही नाही. माझ्या मागे असलेले गृहस्थ माझे काका आहेत. काळजी नसावी."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग कुत्र्याला जवळ ओढलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ठीक वाटत नसेल तर दोनदा डोळे मिटा."

माझ्या डोळ्यात तेव्हा काहीतरी गेलं होतं.

त्या माझ्यासोबत गाडीपर्यंत आल्या. फोन हातात, बोट बटणावर. काका घंटा सोडून समजावत होते, "इट्स अवर फेस्टिव्हल, मॅडम. गॉडेस. स्टोन्स." त्यांना अजून भीती वाटली. शेवटी काकांनी काकूला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नऊवारी नेसलेली काकू, हातात निरांजन, ओरडतेय: "अहो, कुठे आहात? भाकरी गार झाली! आणि वसू, तू बोलू नकोस!"

हा आवाज ऐकून बाई निश्चिंत झाल्या. कुठल्याही भाषेत तो घरचाच आवाज होता.

काकूने माझ्या पायांवर पाणी घातलं. "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. मग गौरीला घर दाखवायचं असतं. काकू पुढे, मी तबक घेऊन मागे. "हे काय? स्वयंपाकघर. हे काय? बेसमेंट. हे काय?" तिथे पंधरा नंबरचं खोकं होतं. "हे वसूचं काम," ती म्हणाली. लाँड्रीपर्यंत गेलो. शेवटी मागचं दार उघडून तिने परस दाखवलं आणि तिथे प्रश्न विचारलाच नाही. काका वाफ्याजवळ वाकून एक पान उलटं करून बघत होते.

शुक्रवार: मार्था

पूजेचा दिवस. यादीत माझ्या नावापुढे "फुलं" होती. घरी मी सकाळी सहाला पिशवी घेऊन निघते आणि आळीतल्या कुंपणांवरून जी फुलं बाहेर डोकावतात ती आपलीच धरते. काकूने आधीच बजावलं.

"कुंपणापलीकडे हात घालायचा नाही. इथे प्रत्येक घराला कॅमेरा असतो. मेपलखाली तर बघायचंही नाही. गराजच्या मागे जा, तिथे पाचोळ्यात रानफुलं येतात. मी दरवर्षी तीच वाहते."

गराजची मागची भिंत आणि शेजाऱ्यांचं कुंपण यांच्यामध्ये हातभर रुंद पट्टा होता. जुना पाचोळा, तुटकी कुंडी. आणि त्यात फुलंच फुलं! पान एकही नाही. बोटभर उंच लालसर देठ थेट मातीतून वर आलेले, टोकाला खाली मान घातलेलं फिकं गुलाबी फूल आणि पाकळ्या सगळ्या मागे वळलेल्या, कपाळावरचे केस कुणी घट्ट मागे विंचरावेत तशा. मला एकदम कळलावी आठवली. तिच्याही पाकळ्या अशाच उलट्या, आणि आमच्याकडे तिला गौरीचे हात म्हणतात. म्हटलं, बघा, इथेही गौरीला हात मिळाले.

मी बेचाळीस फुलं काढली. आपल्या पद्धतीने, एक न सोडता. यादीवर खूण केली.

दहाला मार्था आल्या. साठीच्या, उंच, गुडघ्यांवर कापडाच्या गाद्या शिवलेली पँट, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. बरोबर कागदावर एक तक्ता होता, माझ्यासारखाच, दोन रकाने. आम्ही एकमेकींचे तक्ते पाहिले आणि बाकी ओळख करून द्यायची गरज उरली नाही.

त्या वाफ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. पान उलटं केलं. राहिलेलं एक सुकलेलं फूल भिंगाखाली धरलं. काका बाजूला उभे, हात मागे बांधून, ऑपरेशन थिएटरात उभे राहत असतील तसे.

"डॉक्टर," मार्था म्हणाल्या, "सप्टेंबर सुरू झालाय आणि याला भरपूर जुनी पानं आहेत."

"माझी निगा चांगली आहे."

"कोन नाहीत. कान नाहीत."

"कान बारीक असतात."

"भिंग मोठं आहे," मार्था म्हणाल्या. "एक गड्डा बघू?"

काकांनी मान हलवली. मार्थांनी कडेचा एक छोटा गड्डा हाताने मोकळा केला आणि माती झटकली. वरून, खालून, बाजूने, सगळीकडून मुळं. टक्कल कुठेच नाही. मी माझ्या तक्त्याचा उजवा रकाना वाचला आणि काकांकडे बघायचं टाळलं.

"मला वाईट वाटतं," मार्था म्हणाल्या. "सुंदर आहे. पण उन्हाळी आहे. आमच्याकडे याच्यासाठी जागा नाही."

"पिशवीवर नाव होतं," काका म्हणाले. एवढंच. सबंध हयातीत त्यांनी हजारो माणसांना भूल देताना सांगितलं असेल, दहापासून उलटे आकडे मोजा. तसा त्यांचा स्वतःचा चेहरा झाला होता, सहा-पाचपर्यंत आलेला.

तेवढ्यात काकू डेकवर आली. "अहो, त्यांना आत आणा. गौरीपूजनाच्या दिवशी बाई दारातून हळदीकुंकवाशिवाय परत जाते का?"

"मालती, ही वेळ—"

"मग कुठली वेळ? पुढल्या वर्षी घर आहे का?"

मार्थांनी बूट काढले, हात धुतले, आत आल्या. काकूने हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मार्थांनी शर्टाचा घोळ पुढे धरून नारळ घेतला, अगदी व्यवस्थित. मग खाली वाकून चौरंगाकडे पाहिलं आणि वाकलेल्याच राहिल्या.

"ही फुलं," त्या म्हणाल्या, "कुठली?"

"जंगली आहेत," काकू म्हणाली. "वाइल्ड, वाइल्ड."

मार्थांनी गळ्यातलं भिंग हातात घेतलं. "देवीला चालेल का?"

"बघा की. आज पाहुण्यांचाच दिवस आहे."

त्यांनी एक फूल उचललं, तोंडाशी भिंग धरलं. मग मला भिंग दिलं. मी पाहिलं. फुलाच्या तोंडाशी, पाकळी जिथे मागे वळते तिथे, बारीक बारीक दोन उंचवटे. डूल घातलेलं घुबड!

"काका," मी म्हटलं, "कान!"

काका चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या डोक्यावर होता.

पुढची पाच मिनिटं गराजमागे कोण आधी पोचतं याचीच. मार्था मोज्यांवर, काकू नऊवारीत, काका सर्वांत पुढे. तिथे पोचून मार्थांनी पाहिलं तर नुसता पाचोळा आणि चार-दोन कळ्या.

"सगळी कुणी काढली?"

मी हात वर केला. अमेरिकेत चूक कबूल करताना हात वर करतात की नाही ठाऊक नाही, पण माझ्याकडून झालं. मार्थांनी मोठा श्वास घेतला. "यंदाचं बी गेलं. असू दे." आणि बोटांनी पाचोळा बाजूला करायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, एकदम हळू. "हे बघा." गेल्या वर्षीच्या फुलाचा देठ वाळून चकलीसारखा गुंडाळलेला. बी तयार होताना हा देठ वेटोळं घालून फळ जमिनीवर ओढतो; बियांना गोडसर चिकटा असतो, त्यापायी मुंग्या त्या वाहून नेतात. पट्टाभर, पार कुंपणाच्या खांबापर्यंत, बटणाएवढ्या गड्ड्यांची पिलावळ होती. कुणी लावलेली नाही, मुंग्यांनी नेलेली.

"आणि हिवाळ्यात यांना कोण झाकतं?" मार्थांनी विचारलं.

"मी. दर ऑक्टोबरात मी हवेच्या झोताच्या ब्लोअरने पाचोळा कोपऱ्यावरून मागे उडवतो. बघत नाही कुठे पडतो ते."

मधला मोठा गड्डा ताटलीएवढा होता. मार्थांनी त्याच्या बाजूची माती ब्रशने काढली. वरून मुळं, बाजूंनी मुळं, बूड हात घालून पाहिलं तर गुळगुळीत टक्कल. डावा रकाना, सगळ्या ओळी. आणि मग ब्रश एका ठिकाणी थांबला. गड्ड्याच्या कडेला एक सपाट जागा होती, बोटभर लांब, अगदी सरळ. जुनी, भरून आलेली.

काका त्यावर वाकले. चष्मा लावूनही त्यांना वाकता येत होतं. त्यांनी अंगठ्याने तो व्रण चाचपला.

"हा चाकूचा काप आहे," ते म्हणाले. "चिपमंक चाकू वापरत नाही."

मला इंडियन स्टोअर आठवलं, आणि काकूलाही आठवलं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "सुरण."

"मालती."

"ओट्यावर होतं! मला काय माहीत, माणसं एकमेकांना फुलांची सुरणं देतात?"

"पिशवीवर नाव होतं!"

"दोन पिशव्या होत्या, एक तळाशी फाटलेली. ती टाकली आणि उरलेलं चांगल्या पिशवीत ठेवलं. आवरलं मी!"

मी डोळे मिटले. आवरण्याच्या भरात नावाच्या चिठ्ठ्या बदलणं याच्यापेक्षा मोठा अपराध ग्रंथालयात नाही. पण बेचाळीस फुलांनंतर बोलायचा अधिकार मला नव्हता.

"आणि दर वर्षी ही फुलं तू माझ्यासमोर गौरीला वाहत होतीस?"

"तुम्ही नमस्कार डोळे मिटून करता," काकू म्हणाली.

काका खाली बसले. थेट पाचोळ्यात. आम्हाला वाटलं काही झालं. पण ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलत होते. "एकोणीस वर्षं," ते म्हणाले, "एकोणीस वर्षं मी त्या बिचाऱ्याला भिजवतोय."

मार्थांना सगळं इंग्रजीतून सांगायला मला दोन घावनं लागली. गुळाच्या गोड घाटल्याबरोबर त्यांनी चार खाल्ली. मग कागद काढला. किती हिवाळे? काकूला वर्ष चटकन आठवलं: मोठ्या मुलाच्या ग्रॅज्युएशनच्या आधीचा आठवडा, पाहुण्यांसाठी भाजी करायची होती. एकोणीस हिवाळे, बिनलाडाचे, उघड्यावर. मार्थांनी एकोणीस लिहून त्याखाली रेघ मारली.

"आम्ही नेतो. मोठा गड्डा आणि पिलं. दात्याचं नाव काय लिहू?"

"मालती लिहा," काका म्हणाले.

"अहो, मी फेकलं होतं!"

"बागेतली निम्मी चांगली झाडं कुणीतरी फेकलेलीच असतात," मार्था म्हणाल्या, आणि नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत, स्पेलिंग मला विचारून.

शनिवार: विसर्जन

खडे परत तळ्यात सोडायला गेलो. कुत्रा घेतलेल्या बाई लांबूनच हात हलवून दुसऱ्या वाटेने वळल्या. परत येताना काठची मूठभर वाळू आणायची आणि घरात शिंपडायची, अशी पद्धत आहे. विकलेल्या घरात शिंपडावी की नाही, यावर गाडीत बरीच चर्चा झाली. शेवटी काकूने मूठ बंद ठेवली.

दुपारी मार्था आणि त्यांचे दोन सहकारी ट्रेमधून सगळं घेऊन गेले. काका फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि "ओव्हरवॉटर करू नका, झोपलेलं आहे असं समजा" हे तीनदा सांगून आले. गराजमागचा पट्टा रिकामा झाला. मेपलखालचं उन्हाळी मात्र तिथेच होतं, कुणालाही नको असलेलं, पानं पसरून.

मी यादी काढली. एकसष्ट: "परस — काका बघतील." खूण करायला पेन टेकवलं, आणि काकांना विचारलं, "याचं काय?"

"याचं काय म्हणजे? चुकीच्या नावाने का होईना, एकोणीस वर्षं मी याला सांभाळलंय." त्यांनी खुरपं घेतलं. सगळ्यात जुना गड्डा एका कुंडीत बसवला. काकूने इतका वेळ मुठीत धरलेली तळ्याची वाळू कुंडीत सोडली. खोकं क्रमांक एकशे तीन: "सायक्लामेन, उन्हाळी. वरची बाजू वर." नाव मी स्वतः लिहिलं, दोन वेळा तपासून.

ऑक्टोबरात ते जर्सी सिटीला गेले. गेल्या आठवड्यात काकांनी फोटो पाठवला. बाविसाव्या मजल्याच्या गॅलरीत वारा फार, म्हणून कुंडी आत आणलीये, आणि आत एकच खिडकी उत्तरेची, ती स्वयंपाकघरात. कुंडी ओट्यावर, चाकूंच्या खोक्याशेजारी. कुंडीच्या कडेला औषधाच्या बाटलीवर लावतात तशी पांढरी पट्टी, काकांनीच लिहिलेली, पण नेहमीच्या डॉक्टरी अक्षरात नव्हे, चक्क छापील वाटावं अशा सुवाच्य देवनागरीत:

"हे सुरण नाही."